‘युगांतर’ मंडळाचे चार चित्रपट : ऐतिहासिक साधन या दृष्टीनें परीक्षण

निपाणी हें नांव आमच्या वाचकांस अपरिचित नाहीं. उत्तर पेशवाईच्या पत्रव्यवहारांत सिधोजीराव नाईक निंबाळकर निपाणकर यांचें नांव वारंवार येतें, आणि त्या घराण्याच्या कागदांचा माग काढणारे संग्राहक आजहि आहेत. परंतु त्याच गांवीं १९८२ सालीं एक असें साधन निर्माण झालें कीं, तें कागदावर नाहीं, मोडींत नाहीं, आणि त्याचा कर्ता कोण या प्रश्नास एका नांवानें उत्तर देतां येत नाहीं. ‘तंबाखू चाकिला ऊब आली’ या नांवाचा हा सुमारें २५ मिनिटांचा अनुबोधपट होय. तो, व त्याच्या आदल्या वर्षींचा पुणें शहरांतील ‘मोलकरीण’ (१९८१), असे दोन मराठी चित्रपट ज्या ‘युगांतर’ मंडळानें केले, त्याच्या एकंदर कामगिरीचा विचार येथें करावयाचा आहे. मध्यें चाळीस वर्षांहून अधिक काळ लोटला असल्यामुळें साधनाची चिकित्सा करण्यास लागणारें अंतर आतां पडलें आहे.

चित्रपटाचें परीक्षण या पृष्ठांवर कशासाठीं, असें कोणी विचारील. कै. राजवाडे यांनीं १८९८ सालीं साधनांचा पहिला खंड प्रसिद्ध केला तेव्हांपासून अस्सल पत्र श्रेष्ठ आणि बखर संशयास्पद, हें माप आपल्या हातीं आहे. कागद प्रसंगाच्या किती जवळचा, कोणाच्या हातचा, कोणत्या हेतूनें लिहिलेला, हें पाहिल्यावांचून आपण त्यावर विसंबत नाहीं. हेंच माप या चित्रपटांस लावूं गेल्यास अडचण उभी राहते. ते प्रसंगाच्या अगदीं लगतचे आहेत, पण त्यांतील कांहीं दृश्यें मुद्दाम वठविलेलीं आहेत. ते कष्टकरी स्त्रियांच्या तोंडचे आहेत, पण यंत्र दुसऱ्यांच्या हातीं आहे. अशा वेळीं कोणी चित्र म्हणजे प्रत्यक्ष पुरावा असें मानून मोकळा होतो, तर कोणी हा सारा प्रचार असें म्हणून पाठ फिरवितो. आमच्या मतें हे दोघेहि चिकित्सेचे श्रम टाळतात.

मंडळाची हकीकत थोडक्यांत अशी. आभा भैया, दीपा धनराज व मीरा राव यांनीं १९८० सालीं बंगळूर येथें ‘युगांतर’ची स्थापना केली, छायालेखक कै. नवरोज काँट्रॅक्टर हे त्यांस मिळाले. मणि कौल यांच्या ‘दुविधा’ (१९७३) या चित्रपटाचें छायालेखन ज्यांनीं केलें तेच हे काँट्रॅक्टर. हिंदुस्थानांतील पहिलें स्त्रीवादी चित्रपट-मंडळ म्हणून ‘युगांतर’चा उल्लेख केला जातो. त्याचें कार्य १९८३ पर्यंत चाललें आणि तेवढ्यांत चार चित्रपट पुरे झाले. काळ कसा होता हें जाणत्या वाचकांस सांगावयास नको. स्त्रियांच्या स्थितीविषयींचा सरकारी समितीचा अहवाल १९७४ सालीं आला होता. १९७५ ते १९७७ ची आणीबाणी नुकतीच सरली होती. चंद्रपूर जिल्ह्यांतील एका आदिवासी मुलीवर पोलीस ठाण्यांत झालेल्या अत्याचाराच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें १९७८ सालीं आरोपींस सोडलें, त्यावर १९७९ सालीं चार कायदेपंडितांनीं सरन्यायाधीशांस उघडें पत्र लिहिलें, आणि १९८० सालीं गांवोगांवच्या स्त्रिया रस्त्यावर आल्या. अनुबोधपट म्हणजे काय याची सामान्य प्रेक्षकाची कल्पना मात्र तोंपर्यंत १९४८ सालीं स्थापन झालेल्या फिल्म्स डिव्हिजननें घडविलेली होती. पडद्यावर शेतकरी दिसावा आणि त्याच्याविषयीं दुसऱ्याच कोणीतरी भरदार आवाजांत बोलावें, असा तो शिरस्ता होता. ‘युगांतर’नें जें पहिलें मोडलें तें हेंच.

आतां ‘मोलकरीण’. पुण्यांतील घरकाम करणाऱ्या स्त्रियांनीं १९८० सालीं संप केला आणि त्यांची शहरव्यापी संघटना उभी राहिली, त्या घडामोडीचा हा कृष्णधवल चित्रपट. विषय ऐकूनच कित्येकांच्या कपाळास आठी पडेल. कारण ज्या घरांतील भांडीं व धुणीं यांत येतात तीं घरें परक्यांचीं नाहींत. पुण्यांतील इतिहासभक्तांचीं घरेंहि त्यांत धरावीं लागतात. पेशवाईंतील कुणबिणींच्या खरेदीविक्रीचे कागद आपण छापले आहेत, त्यांवर निबंध लिहिले आहेत. त्या कागदांत कुणबिणीची किंमत आहे, वय आहे, कोणी कोणास दिली तें आहे; तिच्या तोंडचा शब्द मात्र कोठें सांपडत नाहीं. मोल घेऊन काम करणारी मोलकरीण आणि विकत घेतलेली कुणबीण यांत महदंतर आहे हें खरें. पण शब्द न उमटण्याच्या बाबतींत एकोणिसावें शतक संपून गेल्यावरहि दोघींची स्थिति फारशी निराळी नव्हती. चित्रपटांत हा शब्द प्रथमच अशा रीतीनें नोंदला गेला कीं, त्याचा स्वर व अडखळणेंहि त्याबरोबर टिकून राहिलें.

या चित्रपटाची रचना पाहण्यासारखी आहे. आरंभीं एकेकीचें गाऱ्हाणें येतें : पगार किती, सुटी नाहीं, आजारपणीं काय होतें. पुढें हींच गाऱ्हाणीं बैठकींत येतात आणि तेथें त्यांचें रूप बदलतें. एकीचें दुखणें दुसरीच्या दुखण्याशेजारीं ठेवलें जातांच तें दैव न राहतां मागणी बनतें. जुन्या न्यायव्यवहाराची ओळख असलेल्यांस येथें तकरीर व महजर यांची आठवण व्हावी. पक्षकार आपली तकरीर स्वतंत्र देतो. गोतसभा ती ऐकते. मग सभा मिळून कागद करते, त्यावर हाजीर मजालसीची याद येते, आणि ज्यांस लिहितां येत नाहीं त्यांची निशाणी उठते, मोकदमाचा नांगर, वाण्याचा तराजू. महजर हा एका माणसाचा लेख नव्हे. पुष्कळांचे हितसंबंध, स्मरण व साक्ष मिळून तो होतो, आणि तरीहि किंबहुना म्हणूनच आपण त्यास उत्तम साधन मानतों. अनेकांनीं मिळून केला म्हणून चित्रपट कमी विश्वसनीय, असें ज्यांस वाटतें त्यांनीं हें ध्यानांत घ्यावें.

मात्र हें साम्य ताणूं नये. महजरांत अग्रवादी व पश्चिमवादी दोघेहि उभे असतात. ‘युगांतर’च्या चित्रपटांचा तो हेतूच नव्हे, मालक व मोलकरीण यांस एका तराजूंत घालून मध्यें काटा धरावयाचा, ही त्यांची प्रतिज्ञा नाहीं. तेव्हां काटेकोर बोलावयाचें तर हा महजर नसून पुष्कळांनीं मिळून दिलेला करीना आहे. करीना पक्षपाती असतो हें गृहीत धरूनच आपण तो वाचतों, आणि त्यांतून वतनाचा इतिहासहि काढतों. चित्रपट पक्षपाती आहे हा आक्षेप घेणारांनीं आपल्या कपाटांतील किती करीने याच कारणास्तव टाकून दिले, हें सांगावें.

दुसरी उणीव अधिक खरी आहे. निशाणीखालीं मोकदमाचें नांव असतें. चेहऱ्याखालीं नांव आपोआप उमटत नाहीं. पडद्यावर जी बोलते ती कोणत्या पेठेंतली, कोणाकडे कामास, पुढें तिचें काय झालें, हें चित्रपटाच्या बाहेरून कळावें लागतें. याचें कारण उघड आहे. नांव सांगितलें तर हातचें काम जाण्याचें भय असे. पण ज्या पिढीस चेहरे ओळखतां येत होते ती सरत चालली आहे.

निपाणीच्या चित्रपटाकडे वळूं. चौघांपैकीं हाच आम्हांस सर्वांत समृद्ध वाटतो. विडीच्या तंबाखूचा हा जुना बाजार. वखारींत तंबाखू कुटणें, चाळणें, निवडणें हें काम मुख्यतः बायकांचें. धुरळा नाकातोंडांत जातो, मजुरी तुटपुंजी, आणि दाद मागावी तर उद्यां कामावर घेतील याची शाश्वती नाहीं. तीन हजारांवर स्त्री-कामगार संघटित झाल्या, त्यांनीं संप केला, आणि असंघटित म्हणविल्या जाणाऱ्या मजुरांच्या त्या काळच्या मोठ्या चळवळींत त्यांची गणना झाली. मंडळ तेथें सुमारें चार महिने राहिलें. आधीं ऐकून घेणें, मग काय दाखवावें याचा कामगार स्त्रियांशींच विचार, आणि मग यंत्र लावणें, असा क्रम होता. वखारीच्या आंतील काम पडद्यावर आलें तें यामुळेंच. बाहेरून एका दिवसासाठीं आलेल्या माणसास तें दार उघडलें नसतें.

‘चाकिला ऊब आली’ हे शब्द तेथल्या बोलींतले आहेत. रचून ठेवलेल्या तंबाखूंत आंतल्या आंत उष्णता धरते, हें त्या धंद्यांतील सर्वांस ठाऊक असतें. ज्वाला नाहीं, धूर नाहीं, हात घातल्याखेरीज कळत नाहीं. इंग्रजींत या नांवाचें ‘निखारे’ असें रूपांतर झालें आहे. निखारा पूर्वीं पेटलेला असतो आणि विझत चाललेला असतो. ऊब वाढत चाललेली असते. भाषांतरानें दिशाच उलटी केली असें आम्हांस वाटतें. सीमेवरील मराठीचा अभ्यास करणारांस तर हा चित्रपट केवळ कानांनीं ऐकण्यासारखा आहे. वखारीचे शब्द, हेल, एकमेकींस हांक मारण्याची तऱ्हा, हें कोशांत मिळत नाहीं.

वठविलेल्या दृश्यांचा प्रश्न येथें टाळतां येत नाहीं. कांहीं प्रसंग कामगार स्त्रियांनीं कॅमेऱ्यापुढें स्वतः पुन्हां करून दाखविले आहेत. मग तो पुरावा कसला? आमचें उत्तर असें कीं, तो प्रसंगाचा पुरावा नसून स्मरणाचा पुरावा आहे, आणि दोहोंचा भेद राखला तर त्याची किंमत कमी होत नाहीं. ज्यानें मूळ कागद लिहिला त्यानेंच कांहीं काळानें आपल्या हातानें नक्कल केली, तर ती अस्सल नव्हे. तरी परक्याच्या नकलेहून तिचा दर्जा निराळाच राहतो. अमुक दिवशीं मुकादम नेमकें काय बोलला हें त्या दृश्यावरून सिद्ध होणार नाहीं. बायकांनीं कोणता प्रसंग सांगण्याजोगा मानला, त्यांतील कोणता शब्द जिव्हारीं लागलेला होता, आणि ही गोष्ट कशी आठवली जावी असें त्यांस वाटत होतें, हें मात्र निर्विवाद सिद्ध होतें. शिवाय हाताची संवय वठवितां येत नाहीं. चाळणी कशी धरावी, पदर नाकाशीं कसा बांधावा, हें वर्षानुवर्षें केलेल्या हातासच येतें. तेथें नक्कल व अस्सल एकच.

याच निपाणीस १९८१ सालीं शरद जोशी यांच्या नेतृत्वाखालीं तंबाखू-उत्पादक शेतकऱ्यांचें आंदोलन झालें आणि त्यांत गोळीबार होऊन माणसें दगावलीं. तो इतिहास पुस्तकांत आला, पुढाऱ्याच्या चरित्रांत आला. तंबाखू पिकविणारा आणि तंबाखू चाळणारी यांचे हितसंबंध एक नव्हते. भाव वाढला म्हणजे मजुरी वाढतेच असें नाहीं. एकाच गांवीं, एकाच पिकाभोंवतीं, वर्षभराच्या अंतरानें घडलेल्या या दोन गोष्टींपैकीं एकीस पुढाऱ्याचें नांव होतें व दुसरीस पुष्कळशा बायकांचे चेहरे होते, एवढ्यावरून कोणती लोकांच्या स्मरणांत राहिली हें ठरलें. निपाणीचा इतिहास लिहूं इच्छिणारानें दोहोंचीं साधनें शेजारींशेजारीं ठेवावीं, आणि वखारवाल्यांच्या कीर्दी-खतावण्याहि मिळवाव्या. खतावणींत मजुरीचा आंकडा मिळेल, धुरळा मिळणार नाहीं. चित्रपटांत धुरळा आहे, पण वर्षावर्षाचा आंकडा नाहीं.

उरलेल्या दोहोंविषयीं थोडक्यांत. ‘इदि कथा मात्रमेना’ (१९८३), म्हणजे ‘ही नुसती गोष्टच आहे काय’, हा तेलुगु चित्रपट हैदराबादच्या ‘स्त्री शक्ति संघटने’बरोबर केलेला आहे. घरांतील मारहाण व कोंडमारा हा विषय. परंतु अशा गोष्टी कोणत्याहि घरांत कॅमेरा नेऊन टिपतां येत नाहींत, म्हणून येथें मंडळानें कथेचा आश्रय केला. अर्थात् वर मांडलेला महजर-करीन्याचा दाखला येथें लागू पडत नाहीं. कृति म्हणून ही सर्वांत बांधेसूद आहे; साधन म्हणून तिचा उपयोग जपूनच करावा लागेल. याच संघटनेनें पुढें तेलंगणाच्या सशस्त्र लढ्यांतील स्त्रियांच्या तोंडी आठवणी गोळा करून १९८६ सालीं तेलुगुंत आणि १९८९ सालीं इंग्रजींत ग्रंथरूपानें प्रसिद्ध केल्या. मौखिक साधनांच्या कामांत तो ग्रंथ आज प्रमाण मानला जातो, आणि ऐकून घेण्याची जी रीत त्यांत दिसते तिचें या चित्रपटाशीं नातें आहे.

‘सुदेशा’ (१९८३) हा गढवालांतील चिपको आंदोलनांत वावरलेल्या एका स्त्रीभोंवतीं गुंफलेला आहे. ती व्यक्ति लक्षांत राहते. परंतु चित्रपट चरित्राच्या जुन्या वळणावर जातो, आणि पुण्यास व निपाणीस जी सभा बोलत होती ती येथें मागें पडते. मंडळाच्या पद्धतीचें वैशिष्ट्य पाहावयाचें असल्यास प्रथम हा चित्रपट पाहूं नये.

आतां सहकार्याच्या प्रश्नाचाच निर्भीडपणें विचार केला पाहिजे. सर्वांनीं मिळून केलें, हें वाक्य ऐकावयास गोड आहे. यंत्र मात्र चौघांच्या हातीं होतें. कोणता तुकडा ठेवावा व कोणता टाकावा हा संकलनाचा निर्णय मेजाशीं बसलेल्यानें घेतला. मूळ पट्टी निपाणीच्या कामगारांच्या घरीं राहिली नाहीं. महजराच्या शेवटीं लिहिणाराचें नांव येतें, पण म्हणून कुळकर्णी त्या कागदाचा कर्ता ठरत नाहीं. उलटपक्षीं कुळकर्ण्याची लेखणी निरुपद्रवी होती असेंहि आपण मानीत नाहीं. त्यानें काय गाळलें असेल याचा संशय चांगल्या संशोधकाच्या मनांत असतोच. ‘युगांतर’ची थोरवी ही कीं, त्यांनीं ही विषमता नाहींशी झाल्याचें सोंग न करतां ती कमी करण्याचा उपाय योजिला. आधीं चळवळींत राहावयाचें आणि मग यंत्र उचलावयाचें, हा तो उपाय. आणखी एक गोष्ट त्यांत आली. पुण्याच्या स्त्रियांचा चित्रपट दुसऱ्या गांवच्या कामकरी स्त्रियांस दाखवावयाचा, आणि दाखवून झाल्यावर बोलावयाचें, हाच त्याचा उद्देश होता. चित्रपटगृहांत तिकिटावर दाखविण्यासाठीं तो केलेलाच नव्हता.

यावरून सूचीकारांपुढें एक व्यावहारिक प्रश्न उभा राहतो. दीपा धनराज यांनीं पुढें ‘क्या हुआ इस शहर को’ (१९८६), ‘समथिंग लाइक अ वॉर’ (१९९१) इत्यादि महत्त्वाचे अनुबोधपट केले व त्यांचें नांव सर्वतोमुखीं झालें. परिणामीं पुष्कळ याद्यांत ‘युगांतर’चे चित्रपटहि त्यांच्या एकट्यांच्या नांवावर चढविले जातात. यांत त्यांचा दोष नाहीं. दोष दिग्दर्शकाचा रकाना रिकामा ठेवण्यास भिणाऱ्या सूचीकाराचा आहे. आमची सूचना अशी कीं, कर्ता या रकान्यांत ‘युगांतर’ लिहावें, आणि त्याखालीं ज्या संघटनेबरोबर काम झालें तिचें नांव द्यावें. व्यक्तींचीं नांवें कामाच्या निर्देशासह पुढें यावीं. हा मान देण्याचा प्रश्न नाहीं. कर्त्याचा रकाना चुकला कीं पुढचा अभ्यासक चुकीच्या दप्तरांत शोध घेऊं लागतो.

प्रतींविषयीं. हे चित्रपट १६ मिलिमीटर रुंदीच्या पट्टीवरचे आहेत. ही पट्टी मिनिटास ३६ फूट पळते. म्हणजे २५ मिनिटांचा चित्रपट सुमारें ९०० फुटांचा. प्रक्षेपक दोन माणसांस उचलून नेतां येतो, म्हणूनच चाळींत व वस्तींत चित्रपट नेणारांस ही पट्टी सोयीची वाटे. परंतु ॲसिटेटच्या पट्टीस उष्ण व दमट हवेंत जो आंबूस वास येऊं लागतो तो वाळवीइतकाच घातक समजावा. एकदां सुरुवात झाली कीं पट्टी आखडते व ठिसूळ होते, आणि शेजारच्या डब्यासहि तीच बाधा होते. सुदैवानें बर्लिन येथील आर्सेनल या संस्थेच्या प्रयत्नानें या चित्रपटांच्या अंकरूप प्रती झाल्या आहेत व ते आज अभ्यासकांस पाहतां येतात. १९६४ पासून चित्रपटांचें राष्ट्रीय संग्रहालय ज्या पुण्यांत आहे, त्याच पुण्याच्या मोलकरणींचें बोलणें बर्लिनकरांच्या आस्थेमुळें सुस्थितींत राहावें, यावर भाष्य नको. मराठ्यांचे कागद पाहण्यास लंडनला गेलेल्या पिढीस यांत नवल वाटणार नाहीं.

शब्दांच्या इतिहासाची एक नोंद येथें करून ठेवावीशी वाटते. महाराष्ट्र विधिमंडळानें २००८ सालीं घरेलू कामगार कल्याण मंडळाचा अधिनियम केला, आणि २०११ सालीं आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेनें घरकाम करणारांविषयीं स्वतंत्र ठराव संमत केला. आज संघटनांच्या पत्रकांत ‘मोलकरीण’ हा शब्द मागें पडून ‘घरेलू कामगार’, ‘घरकामगार’ हे शब्द रूढ झाले आहेत. १९८१ च्या चित्रपटाचें नांव आणि तेव्हांच्या संघटनेचें नांव, दोहोंतहि जुनाच शब्द आहे. ज्या शब्दानें हांक मारली जात होती तोच शब्द फलकावर लिहून संघटना उभी राहिली. तो बदलावा असें पुढें वाटलें. या दोन टप्प्यांचा कालनिर्णय करावयाचा झाल्यास हा चित्रपट एका टोकाचा निश्चित दिनांक देतो.

संग्राहकांस विनंती एवढीच. चित्रपट मिळाला, पण त्याच्या भोंवतालचा कागद विखुरलेला आहे. १९८० ते १९८३ या काळांतील पुण्याच्या व निपाणीच्या संघटनांचीं हस्तपत्रकें, वर्गणीच्या पावत्या, सभासदांच्या वह्या, मागण्यांचीं निवेदनें, चित्रपट दाखविल्यावर झालेल्या चर्चेचीं टिपणें, हें सर्व हलक्या कागदावरचें आहे आणि रद्दींत जाण्याच्या वयाचें झालें आहे. शेदोनशें वर्षांच्या कागदास आपण रुमाल बांधतों. चाळीस वर्षांच्या कागदास कोणी विचारीत नाहीं. यांपैकीं कांहीं कोणाच्या घरीं असल्यास तें टाकूं नये, आणि शक्य असल्यास त्या वेळच्या एखाद्या सभासद स्त्रीस तो चित्रपट दाखवून, पडद्यावरील कोण कोण ओळखूं येतें, तें तिच्या संमतीनें तारखेसह लिहून घ्यावें.